बुडालेल्या भिशीची वही

हाइड पार्क, शिकागो

प्रिय सुमे,

तुझा निरोप पोचला. ‘एवढं फायनान्स शिकतेस, तर एक चांगला शेअर सांग की!’ सासूबाईंनीही विचारलंय म्हणतेस. बाई गं, चार वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा मी तुला बेधडक तीन शेअर सांगितले असते. आता एकही सांगवत नाही. या चार वर्षांत नेमकं काय केलं, ते सांगायला बसलेय. पत्र लांबलं तर दोन चहांत वाच.

आधी पाटीची गंमत ऐक. आमच्या बिझनेस स्कूलला डेव्हिड बूथ यांचं नाव आहे. हे गृहस्थ १९६९ साली इथे पीएचडी करायला आले आणि दोन वर्षांनी एमबीएची पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे गुंतवणुकीची कंपनी काढली आणि २००८ मध्ये शाळेला ३० कोटी डॉलर दिले. म्हणजे मी जिथे पीएचडी करते, तिथल्या पाटीवर पीएचडी अर्धवट सोडलेल्या माणसाचं नाव! आई फोनवर ‘कधी संपणार गं?’ म्हणाली की मी हीच गोष्ट सांगते. तिला ती अजिबात आवडत नाही.

पहिलं वर्ष गणितातच गेलं. प्राइस थिअरी, इकॉनॉमेट्रिक्स. शेअर बाजाराचं नावसुद्धा कानावर पडेना. एमबीएची मुलं इस्त्रीचे कपडे घालून मुलाखतींना निघायची, आणि आम्ही कालचंच गणित फळ्यावर परत मांडत बसायचो. फी नाही, उलट पोटापुरतं विद्यावेतन मिळतं. परीक्षा पार पडल्या की वाटतं, सुटलो. खरा वनवास तिथेच सुरू होतो. आता प्रश्नपत्रिका कुणी देत नाही, प्रश्न आपणच शोधायचा.

युजीन फामांचं नाव ऐकलं असशील, २०१३ च्या नोबेलमधले एक मानकरी. कॉलेजात ते फ्रेंच शिकत होते आणि एका प्राध्यापकाकडे शेअरचे भाव ओळखायचे आडाखे बांधत होते. आडाखे जुन्या आकड्यांवर झकास चालायचे, नव्या आकड्यांवर आपटायचे. इथे अर्ज केला, उत्तर येईना, म्हणून त्यांनी फोन लावला. तर अर्ज पोचलेलाच नाही! पण त्यांच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यासाठी राखलेली एक शिष्यवृत्ती होती, ती तिथल्या तिथे फोनवर मिळाली. पुढे प्रबंधासाठी मर्टन मिलर यांच्याकडे पाच विषय नेले. मिलरनी चार हळूच मोडीत काढले. पाचव्यातून १९६४ चा तो गाजलेला प्रबंध झाला. मागचे भाव पाहून पुढचा भाव ओळखायला जाणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही, असं सांगणारा.

माझे पहिले तीन विषय मोडले, तेव्हा या गोष्टीचा मोठा आधार वाटला.

त्यातला एक कसा मोडला ते सांगते. दुसऱ्या वर्षी मला घबाड सापडलं होतं. संगणकावर एक डाव चालवून पाहिला: पडलेले, कुणी न विचारणारे शेअर घ्यायचे आणि वर्षभर धरून ठेवायचे. नफा इतका की रात्री झोप येईना. माझ्या मार्गदर्शकांनी दोन मिनिटं तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘यातल्या बुडालेल्या कंपन्या कुठे आहेत?’ शोधलं, तर ज्या ओळीत पुढचा भाव रिकामा होता, ती ओळ मीच गाळून टाकली होती. म्हणजे कंपनी मेली की माझ्या हिशेबातून तिचं नावच पुसलं जात होतं. मेलेल्या परत मोजल्यावर नफा भुर्रकन उडाला.

खरं तर ही खबरदारी याच शाळेनं घालून दिलेली. एका दलाली पेढीच्या माणसानं इथले प्राध्यापक जेम्स लोरी यांना विचारलं होतं, सामान्य माणसानं शेअरमध्ये पैसे घातले तर लांब पल्ल्यात किती मिळतात? कुणालाच धड सांगता येईना. मग त्या पेढीच्या देणगीतून १९६० साली इथे एक केंद्र निघालं. आम्ही सगळे त्याला ‘क्रिस्प’ म्हणतो. न्यूयॉर्क बाजारातल्या शेअरचे १९२६ पासूनचे भाव त्यांनी गोळा केले, नंतर बाजारातून नाहीशा झालेल्या कंपन्यांचेसुद्धा. १९६४ साली उत्तर छापलं: वर्षाला साधारण ९ टक्के. इतकं करूनही फट राहिलीच. टायलर शमवे यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की दिवाळं निघून यादीतून गेलेल्या बऱ्याच कंपन्यांचा शेवटचा तोटा नोंदवायचाच राहिला होता.

आता तुझ्याकडे येते. माझा चौथा विषय आहे भिशी. हसू नकोस! चिठ्ठीची भिशी बरी की लिलावाची, यावर अमेरिकेतल्या मोठ्या नियतकालिकात १९९३ साली गणितासकट लेख आलाय. मार्गदर्शकांना मी तुमच्या वीसजणींची भिशी समजावून सांगितली. ते म्हणाले, ‘पहिलाच डाव उचलून एखादीनं पुढचे हप्ते दिलेच नाहीत, तर?’ मी म्हटलं, असं होत नाही, सगळ्या एकमेकींना ओळखतात. आणि बोलता बोलता जीभ चावली. गल्लीतली ती भिशी फुटली होती, आठवतं? दोघी जावा अजून एकमेकींशी बोलत नाहीत. त्या भिशीचं नाव कुणी काढत नाही, म्हणून मलाही ती आठवली नाही.

तर सुमे, सासूबाईंच्या जुन्या वह्यांचे फोटो काढून पाठव. नावं झाकून टाक, हप्ते आणि तारखा पुरेत. दोन-चार वह्यांवर प्रबंध होत नाही हे मला कळतं, पण प्रश्न कसा विचारायचा ते तरी त्यातून उमगेल. आणि जमलं तर त्या फुटलेल्या भिशीची वही मिळव. चाललेल्या भिशीची वही कुणीही कौतुकानं दाखवेल. मला ती दुसरी हवी आहे.

शेअरचं म्हणशील, तर पुढच्या वेळी कुणी टीप दिली की त्याला विचार, आधी दिलेल्या टिपांपैकी बुडाल्या किती? तो गप्प बसला, तर तुझे पैसे वाचले.

तुझीच,
शिकागोवाली

ता. क. अजून दोन वर्षं लागतील. आईला मात्र इतक्यात सांगू नकोस.