टापांच्या मापाचं गाव

कल्याण, मुंब्रा आणि पनवेल या तिन्हीकडचे रस्ते शीळफाट्यावर एकमेकांत घुसतात. आसपासच्या वसाहतींची घडण चाकाने ठरवलेली आहे: आधी गाडी कुठे उभी राहील ते पाहायचं, मग माणूस कुठून चालेल ते. याच पट्ट्यातून बदलापूर-कर्जतच्या दिशेने गेलं की नेरळच्या माथ्यावर याच्या अगदी उलट वसलेलं गाव आहे. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे माथेरान इंग्रजांच्या नजरेत आलं, 1907 साली आदमजी पीरभॉय यांची छोटी गाडी नेरळहून वर पोचली. गावात मात्र मोटारींना बंदी आहे, फिरायचं ते मुख्यतः पायी किंवा घोड्यावर. सामानाची पोती, गॅसची सिलिंडरंही घोड्याच्या पाठीवरून दारात येतात. घोडा ही इथे पर्यटकांची हौस आहे असं मानणं मला मुळातच चुकीचं वाटतं. गावाचं माप त्याच्या चालीने ठरलं. सुमारे 800 मीटर उंचीवरचं हे रान टिकलं त्यात या मापाचा मोठा वाटा आहे, कारण घोड्याला झाडांच्या मधून वळत जाणारी वाट पुरते, मोटारीसाठी ती वाट सरळ आणि रुंद करावी लागते, आणि रुंद वाटेच्या कडेला मजले चढायला वेळ लागत नाही.

यावर रास्त प्रश्न येतो: म्हाताऱ्यांनी, शाळेच्या पोरांनी, आजाऱ्यांनी काय करायचं? रुग्णवाहिकेला वाहनबंदीतून सूट आहेच. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं, ते योग्यच झालं. ई-रिक्षाही मला मान्य आहे. माझा आग्रह एवढाच की रस्ता तिच्यासाठी पालटू नये. त्याच निकालात गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापासून शिवाजी पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉकला वाव ठेवला आणि आतल्या वाटा त्यापासून मोकळ्या ठेवल्या. ही सीमा जपली पाहिजे. गुळगुळीत फरशीवर, विशेषतः पावसात, नाल ठोकलेला खूर सटकतो. उतारावर ओझ्यासकट घोडा घसरला की त्याचा पाय जातो आणि मालकाचं वर्षाचं पोटही.

खरा कठीण आक्षेप दुसराच आहे. नाल ठोकलेल्या टापांखाली जांभ्याची तांबडी माती भुरभुरीत होते, पावसात वाहून जाते आणि झाडांची मुळं उघडी पडतात. लीद ओढ्यात उतरते, ती थेट गावाच्या पाण्याचाच प्रश्न बनते. हे नाकारून घोड्याचं गुणगान करण्यात अर्थ नाही. पण त्यावरचे उपाय साधे, रोजचे आहेत: उतारावर आडवे दगड आणि चर, लीद वेगळी गोळा करून खत, प्रत्येक घोड्याचा परवाना आणि पशुवैद्याची तपासणी. आणि सगळ्यांत आधी तबेला. सकाळी खरारा, चंदी, पाणी, नालबंदाचा हात, हे सारं जिथे होतं त्या जागेला गावाच्या आराखड्यात हॉटेलाइतकंच पक्कं स्थान हवं. 2003 साली माथेरान पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलं, तेव्हापासून झाडांची बाजू मांडायला कायदा आहे. तबेल्याची आणि अश्वपालाच्या घराची बाजू मात्र आराखड्याच्या नकाशावर वेगळी रंगवून घ्यायला हवी, पाण्याच्या नळासकट.