बोटीच्या कागदावरची जात

कॅरिबियन म्हटले की आपल्या लोकांना वेस्ट इंडिजचे क्रिकेट आठवते. आम्हालाही तेवढेच ठाऊक होते. आमचा भाचा त्रिनिदादला नैसर्गिक वायूच्या कारखान्यात नोकरीला. त्याने तिकिटे काढली म्हणून 2024 च्या मे महिन्यात आम्ही उभयता तीन आठवडे तिकडे जाऊन आलो. एरवी कारकुनाच्या पगारात आमची धाव महाबळेश्वरपर्यंत! समुद्र, नारळाची झाडे, मराकसचा किनारा सगळे पाहिले. ज्यांना फोटो बघायचे असतील त्यांनी घरी यावे, चहा घ्यावा. इथे सांगायचे आहे ते शेवटच्या आठवड्याचे.

त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाचे लोक पुष्कळ. तिथली गुलामी 1838 साली पुरती संपली आणि ऊसमळ्यांच्या मालकांना स्वस्तात मजूर हवे झाले. 30 मे 1845 रोजी 'फतेल रझाक' नावाचे जहाज कलकत्त्याहून पहिले मजूर घेऊन आले. 1917 पर्यंत अशी सुमारे 1 लाख 43 हजार माणसे गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची. पाच वर्षांचा करार. परवानगीवाचून मळा सोडला तर तुरुंग.

त्यामुळे दुकानात, टॅक्सीत कुणी ना कुणी विचारायचेच, "इंडियातून आलात? कुठून?" आम्ही "बॉम्बे" एवढे म्हणून गप्प. पुढचा प्रश्न आडनावाचा येणार, ही लहानपणापासूनची सवय. जयंतीला वस्तीत तासभर भाषण ठोकणारे आम्ही, तिथे पंधरा दिवस तोंड मिटून होतो. लिहितानाही लाज वाटते.

23 मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. भाच्याच्या घरी वंदना घेतली, खीर केली. शेजारच्या म्हातारबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, सगळे त्यांना 'आजी' म्हणतात. तिकडे बापाच्या आईला आजीच म्हणतात बरे का, आणि आईच्या आईला नानी. बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून त्यांनी विचारले, "हे साहेब कोण?" आम्ही म्हणालो, "आमचे पुढारी. मोठे वकील होते." संपले! बाबासाहेबांची ओळख आम्ही दोन वाक्यांत उरकली. रात्री सौ.नी आमची चांगलीच हजेरी घेतली.

दोन-तीन दिवसांनी वॉटर्लू गावी समुद्रातले मंदिर पाहिले. शिवदास साधू नावाच्या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर ते बांधले होते. ते पाडले गेले आणि त्याला तुरुंगात टाकले. जमीन तुमची, पण समुद्र तर कुणाचा नाही, असे म्हणून पठ्ठ्याने पुढची कित्येक वर्षे सायकलवरून दगड वाहून भर समुद्रात मंदिर उभे केले. आम्ही काही हात जोडले नाहीत. पण त्या दगडांपुढे बराच वेळ उभे राहिलो.

30 मे हा जहाज आल्याचा दिवस, तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आजींनी जेवायला बोलावले. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक जुन्या कागदाची प्रत होती. त्यांच्या पणज्याचा बोटीचा परवाना. नाव, बापाचे नाव, वय, जिल्हा बस्ती, आणि जातीच्या रकान्यात 'चमार'. आजींनी त्या शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचले. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो.

"भांडणात हा शब्द इथे अजून शिवी म्हणून देतात," आजी म्हणाल्या, "पण नोकरीला, भाड्याच्या घराला कुणी जात विचारत नाही. तीन महिने एका बोटीत जेवले, एकमेकांचे जहाजी भाई झाले. मग काय उरणार?"

आमच्या मते एवढे सरळ नाही ते. पूजा सांगणारे पंडित तिकडेही बहुतेक ब्राह्मण घराण्यातलेच. आणि आफ्रिकन वंशाची सून आणली तर पुष्कळ भारतीय घरांत चेहरे बदलतात, असे भाचाच सांगतो. तरी पण, जो शब्द पुसायला आपल्याकडे माणसे आडनावे बदलतात, तो या बाईने काचेत घालून पाहुण्यांच्या खोलीत लावला होता.

मग सौ. बोलल्या. मोडक्या इंग्रजीत, पण न थांबता. त्या फोटोतल्या साहेबांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसवीत इथपासून 1927 चे महाड, 1956 चे नागपूर, सगळे. आजी ऐकत राहिल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मग त्या दिवशी नुसते वकील का सांगितलेत?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते.

निघताना भाच्याने भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवून आजींना दिला. आजींनी कैरीच्या कुचेल्याची बाटली आणि त्या परवान्याची झेरॉक्स दिली. म्हणाल्या, "बेटी, बस्ती तुमच्या घराजवळ आहे का?"

परतीचा प्रवास म्हणजे अंगदुखी, दुसरे काही नाही. लंडनहून मुंबईच्या विमानात शेजारी एक मराठी गृहस्थ होते. मराठी ऐकून खूश झाले. गाव विचारले, ऑफिस विचारले, मग, "आपले आडनाव?" आम्ही तोंड उघडण्याआधीच सौ. म्हणाल्या, "आम्ही बौद्ध. जयभीम." गृहस्थांनी "वा, वा" म्हणून मासिक उघडले ते मुंबईपर्यंत मिटले नाही. आम्हाला मात्र छान झोप लागली.

घरी पोचलो तर मुलांनी आधी बॅगा उघडल्या. कुचेला भाकरीबरोबर दोन दिवसांत संपला. घड्याळ साडेनऊ तास पुढे गेल्याने आठवडाभर ऑफिसात डुलक्या घेतल्या. झेरॉक्स आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे. नकाशा काढून पाहिले तेव्हा कळले की बुद्धाच्या अस्थी जिथे मिळाल्या ते पिप्रहवा त्या काळी बस्ती जिल्ह्यातच होते. सिद्धार्थनगर जिल्हा 1988 साली वेगळा झाला. आजींना हे कळवले आहे. विहाराची लुंबिनी-कुशिनगर सहल निघेल तेव्हा एक दिवस बस्तीसाठी ठेवा, असे संयोजकांना सांगून ठेवले आहे. अडचण एकच. गावाचे नाव त्या इंग्रजी अमदानीतल्या कारकुनाने असे खरडले आहे की ते तीन तऱ्हांनी वाचता येते. सौ. म्हणतात, तुम्ही कारकून, कारकुनाचे अक्षर तुम्हालाच लागायला हवे. रोज रात्री भिंग घेऊन बसतो.