'टक' झालं का?

मे महिना, दुपारचे अडीच, चाकणचा तळेगाव चौक. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शेजारी कंपनीची बस. आणि नेमका तेव्हाच माझ्या सेकंड-हँड गाडीचा एसी गपगुमान गरम हवा फेकायला लागतो. अर्धा-पाऊण तास गारेगार, मग भट्टी. कुठेतरी तासभर पार्क केली की बाईसाहेब पुन्हा कूल! मी फ्रीलान्सर. कंपन्यांची इन-हाऊस मॅगझिन्स लिहून देते, त्यामुळे निगडी-चाकण वारी आठवड्यातून तीनदा ठरलेली. मुलाखतीला पोचेपर्यंत काजळ गालावर.

गॅरेजवाल्याने गॅस भरला. मग परत गॅस भरला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "मॅडम, कॉम्प्रेसर गेला." आकडा ऐकून माझाच कॉम्प्रेसर बसला. त्यात त्याच्यासमोर गाडी एकदाही बंद पडली नाही. डॉक्टरच्या दारात ताप उतरतो ना, तसलं.

शेवटी बाबांना सांगितलं. बाबा भोसरी एमआयडीसीत 32 वर्षं, आधी प्रेस शॉप, मग मेंटेनन्स. रिटायर झाल्यापासून पेपर आणि टीव्ही. टीव्ही इतका मोठ्याने, की शेजारच्यांना मालिका फुकट.

"गॅस गळला तर थंडावा हळूहळू कमी होतो. तासाभरात आपणहून परत येत नाही," बाबा म्हणाले आणि हातात एक वही दिली. एसी कधी गेला, गाडी उभी होती की पळत होती, निघाल्यापासून किती वेळाने, सगळं लिहायचं. "इंटरमिटंट फॉल्ट आहे. आधी तो कधी येतो ते कळू दे." म्हणजे मासकॉम केलं मी, आणि नोट्स काढायला शिकवणार हे!

पण वहीने माझी थिअरी पार झोपवली. ट्रॅफिकमध्येच बंद पडतो, असं मी छातीठोकपणे सांगत होते. तसं असतं तर संशय पुढच्या पंख्यावर जायला हवा. नोंदीत दिसलं, की स्पाइन रोडवर सुसाट जातानाही दोनदा गेलाय. कॉमन गोष्ट एकच, इंजिन चांगलं तापलेलं असायचं.

रविवारी सकाळी बोनेट उघडलं. आमच्या गाडीत एसीचा आणि हॉर्नचा रिले सारखाच आहे. बाबांनी एसीचा काढून हॉर्नच्या जागी बसवला. हॉर्न खणखणीत वाजला. रिले पास! मग इंजिन तापेपर्यंत गाडी चालू ठेवली. मी स्टिअरिंगवर, बाबा बोनेटपाशी.

"एसी बंद कर. लाव. 'टक' झालं का?"

"झालं."

दर पाच मिनिटांनी हेच. कॉम्प्रेसरची पुली पट्ट्याबरोबर सतत फिरत असते. एसी लावला की कॉइलमध्ये करंट जातो, तिचं चुंबक होतं आणि पुढची प्लेट ओढून पुलीला चिकटवतं. तोच हा 'टक'. त्याशिवाय कॉम्प्रेसर फिरतच नाही. चाळीस मिनिटांनी 'टक' आला नाही. बाबांनी सांभाळून टेस्ट लॅम्प क्लचच्या वायरला लावला. दिवा पेटला. म्हणजे करंट पोचतोय, प्लेट ओढली जात नाहीये.

इंजिन बंद करून गार होऊ दिलं. बाबांनी जुन्या पेटीतून फीलर गेज काढून फट मोजली. अर्धा मिलिमीटर पुष्कळ झाली असती, इथे जवळजवळ दुप्पट! प्लेट झिजून फट वाढलेली. त्यात तापलेल्या कॉइलचा रेझिस्टन्स वाढतो, चुंबक कमजोर पडतं. गार असताना कसंबसं ओढतं, तापलं की हात टेकतं. बाबांनी प्लेटमागची एक पातळ शिम काढली, बोल्ट आवळला. खर्च शून्य. (घरी करणार असाल तर चालू इंजिनपासून ओढणी आणि केस लांब ठेवा. गॅसच्या पाइपला तर हातच लावू नका.)

पण मला दुसरंच काहीतरी टोचत होतं. कॉम्प्रेसर बाबांच्या पुढ्यात, मी काचेच्या आत. मग 'टक' ते मला का विचारत होते?

"बाबा, तुम्हाला नाही ऐकू आलं?"

ते फडक्याने हात पुसत राहिले. "इंजिन येतं ऐकू. असले बारीक आवाज गेले कधीच. सहा-सात वर्षं झाली असतील."

आई इतकी वर्षं म्हणायची, 'यांना हवं तेव्हाच ऐकू येतं.' आम्ही हसायचो. गॅरेजवाला तरी दोनदा गॅस भरून मोकळा झाला, आम्ही तेवढंही केलं नव्हतं. प्रेस शॉपच्या दणदणाटात आधी बारीक आवाज जातात, आणि गेलेले परत येत नाहीत, हे मी स्वतः एका मॅगझिनच्या सेफ्टीच्या पानासाठी लिहिलंय. पैसे घेऊन.

रात्री मी त्याच वहीचं नवीन पान काढलं. समोर बसून बोललं: हो. स्वयंपाकघरातून हाक: नाही. फोनवर: अर्धं. गुरुवारी ऑडिओमेट्री आहे. बाबा यायला तयार झालेत, फक्त पान तपासून एक नोंद खोडली. "तेव्हा मिक्सर चालू होता. ती धरायची नाही."