एका मिलिमीटरची धास्ती

गेल्या वर्षी आषाढ पौर्णिमेला आमच्या मोहोपाड्यात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू झाले. वाचन संपले, बाया घरी निघाल्या, पण माझी भाची विहाराच्या पायरीवरच बसून राहिली. हातात सोनोग्राफीचा लिफाफा. जवळ गेले तशी तिचा बांध फुटला.

"आत्या, बाळात दोष आहे म्हणतात. घरचे म्हणतात, लवकर मोकळी हो."

पोर चोवीस वर्षांची, पहिलटकरीण, तिसरा महिना. नवरा पाताळगंगा एमआयडीसीत कंत्राटावर. बावीस प्रतिज्ञा घेतलेले घर, पण भीती शिरली की माणूस सगळे विसरतो. सासूबाईंनी नवसाची भाषा सुरू केली होती. कागदावर एवढेच होते : एनटी ३.२ मि.मी. आणि रक्ततपासणीसह काढलेली जोखीम १:६०.

मी बी.कॉम. झालेली कारकून, डॉक्टर नव्हे. पण निम्मे आयुष्य आकड्यांत गेले आहे. ट्रायल बॅलन्स जुळला म्हणून हिशेब बरोबर असतो असे नाही, हे मी नोकरीत शिकले. मूळ नोंदच चुकली तर पुढची सगळी बेरीज चुकीची, आणि ती दिसते मात्र अगदी नीटनेटकी. म्हणून मी तिला म्हटले, "रडू नको. आधी हा आकडा आला कसा, ते विचारू."

आधी १:६० चा अर्थ लावू. अशा साठ गरोदर बाया एका ओळीत उभ्या केल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला तो दोष असेल आणि एकोणसाठ जणींच्या बाळांना नसेल. ही चाळणी आहे, निदान नव्हे. हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. घरच्यांनी साठातला 'एक' तेवढा वाचला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दांड फाट्यावरून आम्ही पनवेलला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी जुने छायाचित्र उजेडात धरले आणि आम्हां दोघींना समजेल असे सांगितले.

बाळाच्या मानेमागे त्वचेखाली पाण्याचा पातळ थर असतो. त्याची जाडी म्हणजे एनटी. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधील डॉ. निकोलाइडिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवून दिले की, हा थर जाड असेल तर डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषाची शक्यता वाढते. माप घ्यायचे ते अकरा आठवडे ते तेरा आठवडे सहा दिवस एवढ्याच काळात, बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मि.मी. असताना. मामला आहे दोन-तीन मिलिमीटरचा. खूण केसभर सरकली तरी निकाल फिरतो.

म्हणून चित्र मोठे करावे लागते. बाळाचे डोके आणि छातीचा वरचा भाग एवढ्यानेच पडदा भरला पाहिजे, म्हणजे खूण एक पाऊल हलवली तर माप ०.१ मि.मी. नेच बदलते. बाळ अगदी बाजूने, नाकाची रेघ दिसेल असे हवे. मान सरळ हवी. मान मागे गेली तर माप सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते, हनुवटी छातीला टेकली तर कमी होते. बाळाभोवतीचा पातळ पडदा त्वचेला चिकटून दिसत असेल तर त्यालाच त्वचा समजून माप फुगते. आणि यंत्राचा गेन, म्हणजे उजळपणा, जास्त ठेवला तर रेघा जाड होतात, मधली काळी जागा बारीक दिसते आणि माप कमी भरते. चूक अशी दोन्ही बाजूंनी होते. एखादीला उगाच धास्ती, तर एखादीला खोटा दिलासा.

जुन्या छायाचित्रात बाळ पडद्याच्या कोपऱ्यात, लहानसे, मान मागे टाकलेले. बाईंनी तपासायला घेतले, पण बाळ त्या पातळ पडद्यावरच पाठ टेकून निजलेले. त्या म्हणाल्या, "दहा मिनिटे बाहेर चालून ये." ती चालून आली. बाळाने उडी मारली, त्वचा आणि पडदा वेगळे दिसले. तीनदा माप घेतले आणि नियमाप्रमाणे त्यांतले नीट घेतलेले सर्वांत मोठे माप धरले : २.० मि.मी. बाळाची लांबी ६२ मि.मी. या लांबीला हे माप नेहमीच्या मर्यादेत बसते. नवा हिशेब झाला, जोखीम खाली आली.

निघताना बाई म्हणाल्या, "आकडा मोठाच आला असता तर तोही तुम्हांला मानावा लागला असता." मला ते पटले. दुसरे मत म्हणजे मनासारखे उत्तर मिळेपर्यंत दारोदार फिरणे नव्हे. एनटी आणि रक्ततपासणी मिळून डाऊन सिंड्रोमची दहातली नऊएक बाळे ओळखू येतात, पण शंभर निरोगी बाळांतल्या पाचेक जणांवरही संशय येतो. खात्री हवी तर वारेचा तुकडा किंवा गर्भजल तपासावे लागते. त्याआधी गर्भ पाडण्याची बोलणी करणे म्हणजे पंचनामा होण्याआधीच शिक्षा.

आपल्या बाया विचारत का नाहीत? सोनोग्राफी केंद्रात लिंगनिदान हा गुन्हा असल्याची पाटी असते. महाराष्ट्राने १९८८ साली, तर केंद्राने १९९४ साली कायदा केला, आणि तो हवाच. पण ती पाटी पाहून आपल्या बायांना वाटते की काहीच विचारायचे नसते. मुलगा की मुलगी, हे विचारायचे नाही. माप कसे घेतले, मान सरळ होती का, कितीदा मोजले, पुन्हा मोजाल का, हे विचारणे आपला हक्क आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीची बाजू मांडली. त्यांच्या लेकींनी तपासणीच्या टेबलावर मुकाट पडून राहू नये. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे तर तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे.

आणखी एक. तपासाअंती खरोखर दोष निघालाच, तर निर्णय त्या बाईचा, कायद्याच्या चौकटीत, पूर्ण माहितीनिशी. आणि डाऊन सिंड्रोम असलेले मूल जन्माला आले तर तेही माणूसच आहे. समतेची भाषा बोलणाऱ्या वस्तीत त्याला जागा असलीच पाहिजे.

जानेवारीत भाचीला मुलगी झाली. आता आमच्या महिला मंडळाने ठरवले आहे, तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीला कोणतीही सून एकटी जाणार नाही. सोबत एक जाणती बाई जाईल, आणि रिपोर्ट हातात पडला त्या रात्री घरात कोणी निर्णय करणार नाही.