बार भरण्याआधी

एसटीत माणसे ठासून भरलेली असतात, पुढाऱ्याचे भाषण फुसका बार ठरते आणि पत्रकार त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती करतात. हे शब्द आपण रोज वापरतो. ते आले बंदुकीच्या आणि तोफेच्या नळीतून. ज्या कामाने मराठीला हे शब्द दिले, ते काम मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. आजचा धागा त्या कामाविषयी आहे: बंदुकीचा बार स्वतःच्या हाताने भरणे, आणि तो भरताना हात शाबूत ठेवणे.

असा विषय निवडण्याचे कारण तुम्हीच आहात. गेल्या काही महिन्यांत तरुण वाचकांकडून मला एकाच वळणाचे प्रश्न आले. एकाने घराच्या माळ्यावर सापडलेल्या ठासणीच्या बंदुकीचे छायाचित्र पाठवले आणि विचारले, हिच्यात दारू किती भरावी? दुसऱ्याने परदेशी चित्रफिती पाहिल्या होत्या. त्याला रिकामी काडतुसे घरीच पुन्हा भरण्याचा छंद लावून घ्यायचा होता. प्रश्नांमागची उत्सुकता खरी आहे, म्हणून ‘हे करू नका’ एवढ्यावर उत्तर संपवणे मला पटले नाही.

प्रथम काम समजून घेऊ. शिवकाळातील बंदूकधाऱ्याजवळ तयार काडतूस नसे. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाची दारू त्याच्या कमरेच्या बारूददाणीत असे, शिशाच्या गोळ्या पिशवीत असत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी सोडायची, गजाने ठासायचे, मग नळीच्या मागील अंगाला असलेल्या बारीक छिद्राशी, म्हणजे बंदुकीच्या कानाशी, रंजक म्हणून बारीक दारू ठेवायची आणि जामगीने पेटवायची. जामगी म्हणजे संथ जळत राहणारी दोरी. आता प्रसंग डोळ्यांसमोर आणा: एका हातात उघडी दारू, दुसऱ्या हाताच्या बोटांत निखारा. वर आधीच्या बारातील एखादी ठिणगी नळीत धुमसत असेल, तर नवी दारू ओतताक्षणीच भडका. गोंगाटात आपला बार उडाला की नाही हे न कळून त्यावरच दुसरा बार ठासला, तर नळीच फुटायची. शत्रूच्या गोळीइतकेच भय स्वतःच्या बंदुकीचे असे.

यावर जगभर एकच उपाय सापडला, तो म्हणजे माप. युरोपातील बंदूकधारी छातीवरून लाकडी कुप्यांची माळ घालत आणि प्रत्येक कुपीत नेमकी एका बाराची दारू असे. ऐन लढाईत अंदाजाने ओतण्याची वेळच येऊ नये, हा त्यातला विचार.

बार भरणे जितके महत्त्वाचे, तितकेच दारू सांभाळणे. या बाबतीत आपल्याकडे एक अद्वितीय लेखी साधन आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यातील दुर्गांच्या प्रकरणात तटाबुरुजांबरोबर दारूखान्याचीही व्यवस्था सांगितली आहे. मला तो मजकूर शौर्याच्या कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक थरारक वाटतो. दारूखाना राहत्या घरांजवळ आणि घरांकडून वारा येईल अशा जागी नको. सदरेपासून तो दूर बांधावा. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे कुंपण. खाली तळघर, तळघराला गच, गचावर लाकडी माच आणि माचावर दारूची मडकी. ओल लागू द्यायची नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढायचे, ऊन द्यायचे आणि पुन्हा मोहोर करून ठेवायचे. पहारा रात्रंदिवस, आणि परवानगीवाचून कोणीही जवळ फिरकायचे नाही.

एकेका अटीमागचे कारण पाहा. चुलीची ठिणगी वाऱ्याने उडते, म्हणून वाऱ्याचा विचार. कोकणातला पाऊस दारूची माती करतो, म्हणून गच, माच आणि ऊन. मोहोर कशासाठी? कोणी, कधी, किती काढले याचा जबाब एकाच माणसाकडे राहावा म्हणून. आज स्फोटकांच्या कोठारासाठी जे नियम असतात, त्यांचा गाभा म्हणजे अंतर, कोरडेपणा, नोंद आणि पहारा, तो येथे तीनशे वर्षांपूर्वीच आलेला आहे.

हे मी भिवंडीजवळच्या वळ गावात बसून लिहीत आहे, म्हणून कदाचित मला त्या वाऱ्याच्या अटीचे अप्रूप अधिक. वळ, पूर्णा, दापोडे, राहनाळ या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. कापड, औषधे, रसायने, खेळणी, सारे एका ओळीत. गोदामाला आग लागली की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, शेजारच्या गाळ्यात काय आहे? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर याच प्रश्नाचे उत्तर भयंकर होते. सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. आग कापसात लागली, स्फोट दारूगोळ्याचा झाला आणि शेकडो माणसे गेली. आज्ञापत्रातील हवालदाराने त्या जहाजावर मोहोर केली नसती.

आमच्या शेजारचेच गाव अंजूर. वसईच्या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूने झटलेले गंगाजी नाईक अंजूरकर तिथले. ती मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा कोट घेतला, एवढे आपण शाळेत शिकतो. त्या शेवटच्या हल्ल्यातील एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. तटाखाली सुरुंग भरले होते. काही उडाले, भगदाड पडले आणि मराठे आत धावले. मागे राहिलेला सुरुंग तेव्हा उशिराने उडाला आणि त्यात आपलीच माणसे मोठ्या संख्येने मारली गेली. न उडालेला बार हा विझलेला बार नव्हे, हे तिथे रक्ताने लिहिले गेले. आजही नेमबाजीच्या मैदानावर घोडा दाबूनही गोळी सुटली नाही, तर बंदूक लक्ष्याकडेच रोखून थांबायला शिकवतात, ते याच कारणासाठी.

पुढे कागदी काडतूस आले. ‘काडतूस’ हा शब्दही आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. एका बाराची दारू आणि गोळी एकाच कागदी पुडीत. दातांनी तोंड फाडायचे, दारू ओतायची, उरलेले ठासायचे. १८५७ मधील एन्फिल्ड काडतुसांच्या चरबीचा वाद सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात हे हरवते की दाताने फाडणे ही वेगासाठी आणि मापासाठी केलेली सोय होती. माप आता शिपायाच्या हातून कारखान्याकडे गेले होते. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणेच बंद केले. घरोघरी बार भरण्याचे ज्ञान आटले, ते असे. कोकणात पीक राखण्यासाठी परवान्याने बाळगलेल्या ठासणीच्या बंदुकांपुरते ते उरले.

आता काडतुसांच्या छंदाविषयी. अमेरिकेत रिकामे पितळी काडतूस पुन्हा भरणे हा कायदेशीर आणि जुना छंद आहे. पितळी नळकांडे, तळाची टोपी, दारू आणि गोळी हे चार घटक. तिथले जाणकार नवख्याला वेग शिकवत नाहीत. मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा. दारू मूळ डब्यातच ठेवायची, लेबल नसलेली फेकून द्यायची. वजन छापील तक्त्याप्रमाणे, सुरुवात खालच्या आकड्यापासून, आणि प्रत्येक नळकांड्यात डोकावून पाहायचे, कारण दुप्पट भरलेले एकच काडतूस बंदूक फोडते. डोळ्यांना चष्मा, जवळ विडी-काडी नाही, गप्पा नाहीत, भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत. आज्ञापत्राचा लेखक हे वाचून मान डोलावेल.

आपल्याकडे मात्र हा छंद घरात सुरू करता येत नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम काडतुसाच्या सुट्या भागांना आणि काडतुसे बनवण्याच्या यंत्रालाही दारूगोळाच मानतो, आणि परवान्याशिवाय ते बनवणे गुन्हा ठरवतो. दारू घोटणे तर १८८४ पासूनच्या स्फोटक कायद्याच्या कक्षेत येते. तेव्हा परदेशातून मागवलेले ते छोटे यंत्र खेळणे नव्हे. नेमबाजीच शिकायची असेल, तर वरळीचे मैदान आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत संघटना आहेत. तिथे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिका.

राहिला माळ्यावरच्या बंदुकीचा प्रश्न. जुन्या ठासणीच्या बंदुका कित्येकदा भरलेल्याच सापडतात. आजोबांनी रानडुकरासाठी बार भरला, डुक्कर आले नाही, बंदूक टांगली गेली. नळी कोरडी राहिली असेल, तर ती दारू दशकांनंतरही पेटते. जाणकार गज नळीत सोडून त्याची आतली लांबी बाहेरून कानापर्यंतच्या लांबीशी ताडतात; गज आधीच अडला, तर आत काही आहे. ही ताडणी तुम्ही करू नका. नळीच्या तोंडासमोर उभे राहू नका, गंज खरवडू नका, निखारा किंवा दिवा जवळ नेऊ नका, घोडा हलवून पाहू नका. परवान्याचा कागद घरात शोधा, आणि तो असो वा नसो, बंदूक जागची न हलवता पोलीस ठाण्याला कळवा. त्यांनी ती रिकामी असल्याची खात्री केल्यावर मग छायाचित्रे हवी तितकी काढा, आणि कानाजवळ काही अक्षरे कोरलेली असतील, तर ती मला जरूर पाठवा.