सचिवाचे चौदा दिवस

आमच्या भागात ग्रामसेवकाला कुणी ग्रामसेवक म्हणत नाही. 'सचिव' म्हणतात. "सचिव आले का जी?" हा प्रश्न गावात दिवसातून दहा वेळा विचारला जातो, कारण सचिवाकडं बहुतेक वेळा एकच गाव नसतं. त्यात त्यानं मुख्यालयी राहावं, हा शासनाचा जुना नियम. राहतो की नाही, ते ग्रामसभेनं ठरावात लिहून द्यायचं, तेव्हा घरभाडं निघतं. माझी उमरेड-भिवापूरकडच्या एका गावात खोली होती. सोमवार ते शुक्रवार तिथं, आणि शनिवार-रविवार नागपूरला, दिघोरीत, आई आणि बायकोमुलांकडं. पूर्वी नागभीडच्या छोट्या गाडीनं जाणंयेणं व्हायचं. ती नॅरोगेज लाईन मोठी करायची म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली आणि मी फटफटीवर आलो. गाडी गेली म्हणून लोक हळहळत होते. चार महिन्यांत रस्ताच बंद होईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

११ मार्च २०२० ला नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. दोन दिवसांनी राज्यानं १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. इंग्रजांनी मुंबईच्या प्लेगात केलेला हा कायदा, सव्वाशे वर्षांनी आमच्या पंचायतीच्या टेबलावर येऊन पडला. घरीच विलगीकरणात राहायचं त्यांच्या डाव्या हातावर शिक्के बसू लागले. सरकारी कार्यालयांची उपस्थिती ५ टक्क्यांवर आली. शहरातले मित्र फोनवर म्हणायचे, "मजा आहे बे तुझी, घरबसल्या पगार!" पगाराचं म्हणाल तर मार्चचा आम्हा वर्ग तीनच्या लोकांना ७५ टक्केच हाती आला. आणि ५ टक्क्यांचा हिशोब कार्यालयाला होता, गावाला नव्हता. गावात सचिव, तलाठी, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीताई असे आम्ही सगळे शंभर टक्के हजर. मुख्यालय सोडायचं नाही, असा आदेश. जो नियम इतकी वर्षं ठरावात राहत होता, तो आता माझ्या खोलीत राहायला आला.

गावानं वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या, आडवी बंडी लावली, पोरांचा पहारा बसवला. मोमिनपुरा, सतरंजीपुरा सील झाल्याच्या, शेकडो लोकांना उचलून आमदार निवासात ठेवल्याच्या बातम्या रोज येत होत्या. 'नागपूर' हा शब्दच गावाला ताप आणायचा. ज्या नागपुरात पोरगा नोकरीला आहे हे पाहुण्यांना फुशारकीनं सांगायचं, तिथून पोरगा यायला निघाला की बाप फोनवर म्हणायचा, "दोन-चार दिवस थांब नं बापू."

मे महिन्यात माणसं परत येऊ लागली. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. इथल्या सातऱ्यांवर बायका पिढ्यान्‌पिढ्या मिरचीचे देठ खुडत आल्या. पण घरची मिरची आता कमी, म्हणून माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी तेलंगणात दुसऱ्याची मिरची तोडायला जातात. ती तिकडंच अडकली होती. कुणी ट्रकनं, कुणी पायी, पोरं कडेवर घेऊन आली. त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं होतं. मी रजिस्टर आखलं: अनुक्रमांक, नाव, वय, कोठून आले, दिनांक, शेरा. आशाताई रोज येऊन ताप आहे का, खोकला आहे का विचारायची. महिन्याला १००० रुपये जास्तीचे आणि त्यासाठी शंभर उंबरठे. स्वतःच्या लेकीला तिनं आजीपाशी झोपवलं आणि आपण ओसरीत बाज टाकली. तिच्यासाठी चौदा दिवसांचा नियम कुठल्याच कागदात नव्हता.

शाळेत दोन खोल्या, पंखा एकीतच. वर नवतपा सुरू होण्याच्या बेतात. आपलं घर हाकेच्या अंतरावर दिसतं आणि जाता येत नाही, ही शिक्षा मी तोवर पाहिली नव्हती.

त्यातच मला एक दिवस नागपूरला जावं लागलं. पंचायतीसाठी ताप मोजायची यंत्रं आणि ऑक्सिमीटर आणायचे होते, तालुक्याला मिळत नव्हते. पास कामाचा होता, घरचा नव्हता. तरी रस्ता दिघोरीतूनच जातो. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "अहो, घरात येऊ नका. तुम्ही याल तर शेजारचे पाणी भरू देणार नाहीत, आणि गाव तुम्हाला परत घेणार नाही." बरोबरच होतं. मी गल्लीच्या या बाजूला गाडी उभी केली. मुलानं धुतलेल्या कपड्यांची पिशवी फाटकाच्या भिंतीवर ठेवली आणि मागं सरकला. मग मी ती उचलली. आई दारात उभी होती. पदर तोंडाला लावलेला. म्हणाली, "वाळला रे." दोन महिन्यांनी आईला पाहिलं ते असं, वीस पावलांवरून.

संध्याकाळी गावात पोचलो आणि शाळेत जेवण आलं का ते बघायला गेलो. मिरचीवरून आलेल्यांपैकी एक बाई व्हरांड्यातच बसली होती. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"सचिव, तुमी नागपूरहून आले नं जी?"

"हो."

"मंग तुमाले काहून नाही चवदा दिवस?"

मी सांगितलं की अत्यावश्यक कामातल्या कर्मचाऱ्यांना सूट असते. ती म्हणाली, "बिमारीले ठाऊक हाये का जी, कोन कर्मचारी हाये ते?"

भांडण म्हणून नव्हतं ते. खरंच विचारत होती. आणि उत्तर कुठल्याही परिपत्रकात नव्हतं. नियम लिहिणाऱ्यापुढं कामाची अडचण होती, तिच्यापुढं तिचं पोर होतं.

रात्री पिंपळाच्या पारावर अंतर ठेवून समिती बसली. सरपंच म्हणाले, "बाई खोटं नाही बोलून राहिली." चपराशी म्हणाला, "पर सायबाले कोंडलं तं दाखले कोन देईन?" बऱ्याच बोलण्यानंतर ठरलं, की कामासाठी नागपूरला जाईल त्यानं पंचायतीच्या खोलीत चौदा दिवस राहायचं, कुणाच्या घरात पाय ठेवायचा नाही, काम खिडकीतून करायचं. मी कपाटातून रजिस्टर काढलं आणि ३८ व्या ओळीत माझं नाव लिहिलं. कोठून आले: नागपूर.

ते चौदा दिवस दाखले खिडकीतून दिले. डबा ओट्यावर यायचा. व्हिडिओवर बैठक असली की पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढायचं, कारण नेटवर्क तिथंच. पण एक फरक पडला. शाळेतून रात्री पळून घरी जायचे दोघं-तिघं, ते थांबले. वेशीवरची पोरंही मऊ झाली. मे अखेरीस कोविड कामावरच्या कर्मचाऱ्यांना ५० लाखांच्या विम्याचा निर्णय आला, तेव्हा चपराशानं खिडकीशी येऊन विचारलं, "साहेब, हे जितेपनी किती भेटते?"

२ सप्टेंबरला जिल्ह्याबाहेर जायची ई-पासची अट उठली. त्याच महिन्यात नागपूर जिल्ह्यात साथीनं थैमान घातलं, आमचं गावही सुटलं नाही. रजिस्टरानं रोग अडत नाही. मेपासून सप्टेंबरपर्यंत मात्र गाव एकमेकांवर उठलं नाही, आणि हे थोडं नव्हतं.

पुढच्या हंगामात ती बाई पुन्हा मिरचीला निघाली. जाताना पंचायतीत आली. "सचिव, अवंदा वापस आली तं शाळेतच ठेवसान का जी?"

"ठेवावं लागलं तर ठेवू."

"मंग दुसऱ्या खोलीत पंखा लावून ठेवजा."

पंखा लावला. एप्रिल २०२१ मध्ये तो कामी आला.