देशी पटाची रोजनिशी

8 जून 2025, पुणे

खेळाचं नाव ठरलं: 'देशी'. जुन्या चालीचं बुद्धिबळ, फोनवर. आज सगळे नियम एका पानावर उतरवून काढले. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाणार, त्यामुळे एन पासाँचा (दोन घरं गेलेलं प्यादं वाटेत मारण्याचा) प्रश्नच मिटला. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्याची उडी, तीही तोवर त्याला शह बसला नसेल तरच. राजासमोर राजा नाही, वजीर. प्यादं शेवटच्या घरी पोचलं की त्या घरचं मोहरं होणार: कोपऱ्यात हत्ती, शेजारी घोडा, मग उंट, मधल्या दोन्ही घरांत वजीर. हवं ते मागायची सोय नाही.

पंजाबचा मीर सुलतान खान अशाच देशी खेळात वाढला. विलायती नियम त्याने मोठेपणी शिकले आणि 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळवलं. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. 2024 मध्ये फिडेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. देशी खेळ म्हणजे कच्चा खेळ, असं कुणी म्हणालं की मी हे नाव पुढे करते.

15 जून, सांगली

मामांकडे आले. बुद्धिबळाचे संघटक भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या या गावात बुद्धिबळाबद्दल विचारलं की लोक हातातलं काम बाजूला ठेवून बोलतात. मामांनी कापडी पट काढला. काळी-पांढरी घरं नाहीत, नुसत्या रेघा आणि काही घरांत फुल्या.

मी म्हटलं, "मामा, बाबा म्हणतात शह बसला तरी उडी राहते. राजा जागचा हलला तरच जाते."

"तुझ्या बाबांकडे तसं असेल. आमच्यात शह बसला की संपलं. मग मध्ये मोहरं घालून शह अडव, नाहीतर काहीही कर, उडी गेली."

"मग खरा नियम कुठला?"

"दोन्ही खरे. मांडायच्या आधी बोलून घ्यायचं असतं."

परतीच्या गाडीत हेच डोक्यात होतं. छापील नियमांच्या सवयीमुळे आपण प्रत्येक खेळाचा एकच खरा नियम शोधत बसतो. देशी बुद्धिबळात 'आमच्यात' हा नियमाचाच भाग आहे. संगणकाला दोन नियम सांभाळायला काही जड जात नाही. तेव्हा एक नियम पक्का करून बाकीचे पुसून टाकायचे नाहीत. पट मांडताना खेळानेच विचारायचं: तुमच्यात कसं?

22 जून

चालींची मोजणी. बुद्धिबळाचा कुठलाही प्रोग्राम लिहिला की पहिली परीक्षा हीच. सुरुवातीच्या मांडणीतून किती चाली निघतात ते मोजायचं आणि ठाऊक असलेल्या आकड्यांशी ताडून बघायचं. नेहमीच्या बुद्धिबळात पहिल्या चालीला 20 पर्याय, दोन्ही बाजूंची एकेक चाल धरून 400, तिसऱ्या चालीअखेर 8,902. हे आकडे प्रोग्रामरांना पाठ असतात.

देशीचे आकडे हाताने काढले. प्याद्यांच्या 8, घोड्यांच्या 4, राजाच्या उडीच्या 2, एकूण 14. काळ्यालाही तेवढ्याच, म्हणून दुसऱ्या पायरीला 196. कागदावर इथपर्यंतच जमतं. पुढच्या पायऱ्यांसाठी चाली काढणारे दोन वेगळे प्रोग्राम लिहिले. एक वेगवान, त्यात सगळा पट 64 बिटांच्या आकड्यांत बसवलेला. दुसरा संथ आणि सरळसोट, घर घर तपासत जाणारा. दोघांचे आकडे जुळले तरच पुढे सरकायचं.

फेअरी-स्टॉकफिश हे तयार इंजिन घेऊन सरळ काम का भागवत नाही, असं मित्राने विचारलं. त्यात कितीतरी प्रकारची बुद्धिबळं आहेत. कंबोडियाच्या उक चतरंगमध्ये राजाला अशीच एकदा उडी असते, तीही त्यात आहे. पण ते जीपीएल परवान्याचं आहे. त्याचा कोड आपल्या खेळात घातला तर आपलाही सगळा कोड त्याच परवान्याने खुला करावा लागतो. ते मला मान्य आहे, आपला कोड आपण खुला करणारच आहोत. स्वतःचं इंजिन लिहिण्याचं कारण वेगळं आहे. 'आमच्यात' आतपर्यंत पोचायला हवं आणि ते दुसऱ्याच्या घरात घुसून होत नाही. फेअरी-स्टॉकफिश सरावाला समोर बसवू.

6 जुलै, आषाढी

चित्रांचं काम. मित्राने सावंतवाडीच्या लाखकामाचे रंग घेतलेत: लाल, पिवळा, गडद हिरवा. हत्ती हत्तीसारखाच दिसतो, बुरुजासारखा नाही. उंटालाही मान आहे.

पटाचा प्रश्न अवघड होता. मामांच्या पटासारखी एकरंगी घरं सुंदर दिसतात, पण फोनच्या काचेवर उंटाची तिरकी रेघ डोळ्यांना सापडत नाही. तोडगा असा निघाला: पट एकरंगी राहील, उंटाला किंवा वजिराला बोट लावलं की तिरपी घरं हलक्या रंगाने उजळतील आणि बोट उचललं की विझतील.

आणि राजाची उडी. हक्क शिल्लक आहे की गेला, हे खेळणाऱ्याला प्रत्येक क्षणी दिसलं पाहिजे. आठवणीवर सोडून चालणार नाही. मित्राने राजाच्या मंदिलावर मोत्यांचा तुरा काढला. हक्क आहे तोवर तुरा आहे. उडी मारली की तुरा गेला. मामांच्या नियमात शह बसला तरी गेला. बटण नाही, सूचना नाही, खुणेचा दिवा नाही. आतापर्यंतच्या कामातली ही सगळ्यात चांगली गोष्ट.

13 जुलै

तुऱ्याने खेळ बदलला. इंजिन स्वतःशीच खेळत होतं, मी बघत होते. पांढऱ्याने डी3 केलं, काळ्याने ई6, आणि पांढऱ्याचा उंट थेट जी5वर. शह! काळा राजा डी8ला, समोरचं ई7 रिकामं, तिरपी रेघ मोकळी. दुसऱ्याच चालीला तुरा खाली.

वरवर पाहता हा शह फुकाचा. काळा एफ6 करतो, शह अडतो आणि उंटालाच माघार घ्यावी लागते. पांढऱ्याची एक चाल वाया जाते. पण किल्लेकोट नसलेल्या खेळात राजाला कोपऱ्याकडे न्यायचा एकमेव झटपट मार्ग ही उडी, आणि ती काळ्याची गेली. एक चाल खर्चून उडी हिरावणं परवडतं का? संध्याकाळपर्यंत वेगवेगळ्या किमती लावून डाव खेळवले. मामांच्या नियमात तुऱ्याची किंमत अर्ध्या प्याद्याच्या आसपास येते. बाबांच्या नियमात हा शह कुणी देतच नाही, कारण त्याने काही हाती लागत नाही.

एका नियमाच्या फरकाने पहिल्या दोन चालींतच दोन वेगळे खेळ. 'दोन्ही खरे' याचा अर्थ आज पटावर दिसला.

28 जुलै

बातुमीला दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून. नागपूरची मुलगी ग्रँडमास्टर झाली. आज एक ओळही कोड लिहिला नाही.

3 ऑगस्ट

बुर्जी. हा नियम सगळ्यात जास्त आवडतो आणि सगळ्यात जास्त छळतो. एका बाजूची सगळी मोहरी मरून नुसता राजा उरला की झाली बुर्जी, आणि मामांच्या हिशोबाने बुर्जी म्हणजे बरोबरी. समोरच्याचं शेवटचं प्यादं मारणं म्हणजे हातातला डाव घालवणं. वर प्यादेमातीचा मान वेगळाच. वजिराने मात कुणीही करतो. प्याद्याने केली तर चार लोक उठून पाहायला येतात.

शेजारच्या मुलाला खेळायला दिलं. इंजिनकडे वजीर, हत्ती, दोन प्यादी. त्याच्याकडे राजा आणि एकच प्यादं. ते प्यादं फुकट मिळत होतं आणि इंजिन घेत नव्हतं. त्याच्यापुढे हत्ती आणून उभा केला, त्याला जागीच अडवलं आणि आपली प्यादी हळूहळू राजाकडे आणायला लागलं.

"ताई, हे बिघडलंय," मुलगा म्हणाला.

मी बुर्जी समजावली. तो दोन मिनिटं पटाकडे पाहत राहिला. मग त्याने आपला राजा प्याद्यापासून आणखी दूर नेला आणि ते इंजिनच्या तोंडाशी सोडून दिलं. त्याला ते मारून घ्यायचं होतं! हरणारा आपलं शेवटचं प्यादं फेकायला बघतो आणि जिंकणारा ते जपायला. मी तपासणीच्या यादीत ही युक्ती लिहिली नव्हती, दहा वर्षांच्या मुलाने नियम कळल्या कळल्या ती शोधली.

आता शेवटच्या मोहऱ्याभोवती जरीची बारीक कड दिसते. त्यावर चाल करायला गेलं की पट एवढंच विचारतो: 'बुर्जी होईल. मारायचं?' निकालांना गुण द्यायचे नाहीत हेही ठरलं. डावांच्या वहीत शब्दच राहतील: प्यादेमात, मात, बुर्जी.

10 ऑगस्ट

राजा कोंडला तर? नेहमीच्या बुद्धिबळात बरोबरी. मामांकडे तशी कोंडी करायचीच नाही. करणाऱ्याने चाल मागे घेऊन दुसरी करायची. ऐकायला सोपं, लिहायला महाग. कारण माझी प्रत्येक चाल चालण्याजोगी आहे की नाही हे ठरवायला त्यानंतर समोरच्याकडे चाल उरते का, हेही बघावं लागतं. इंजिनचा वेग एकदम पडला. शेवटी असं केलं: समोरच्याकडे अगदी मोजकी मोहरी उरली असतील तिथे पूर्ण तपास. इतर वेळी चालता येईल अशी पहिली चाल सापडली की तिथेच थांबायचं. वेग बराच परत आला.

2020 साली डीपमाइंडच्या संशोधकांनी माजी जगज्जेत्या क्रामनिकला बरोबर घेऊन अल्फाझीरो या आपल्या प्रोग्रामकडून बुद्धिबळाचे नऊ बदललेले प्रकार खेळवून पाहिले. त्यात एक किल्लेकोट नसलेला होता आणि एक प्यादी एकच घर चालणारा. आपल्या आज्या-पणज्यांच्या पटावर हे दोन्ही एकत्र नांदत होते.

17 ऑगस्ट

कोड्यांचा विभाग. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी रूप 1814 मध्ये मुंबईत छापलं गेलं. युरोपियन खेळपद्धतीला जुळवून घेतलेलं, असं त्याच्या मुखपृष्ठावरच म्हटलं आहे. त्यामुळे त्यातलं कोडं जसंच्या तसं घेता येत नाही. प्रत्येक कोडं देशी नियमांत पुन्हा सोडवून घ्यावं लागतं: बुर्जी आडवी येते का, बढतीला मिळणारं मोहरं बदलल्याने उत्तर फिरतं का? जी टिकतात तेवढीच खेळात येतील. ग्रंथकाराचं नाव प्रत्येक कोड्याखाली असेल.

31 ऑगस्ट

गणपतीला आलेल्या पाहुण्यांच्या हातात फोन दिला. तरुणांना प्यादी हळू वाटली. साठीच्या पुढच्यांनी नियम वाचलेच नाहीत, थेट खेळायला बसले. एका आत्याने घरी सुरुवातीला दोन-दोन चाली एकदम करायची पद्धत सांगितली. त्याचंही बटण करायचं.

खेळ वेगवान करावा असं दोघा-तिघांनी सुचवलं. मी करणार नाही. पहिल्या आठ-दहा चालींत दोन्ही सैन्यं बहुतेक वेळा एकमेकांपासून दूर राहतात आणि तेवढ्यात माणूस आपली मांडणी स्वतः रचतो, पाठ केलेली सुरुवात इथे कामाला येत नाही.

14 सप्टेंबर

पहिलं पान तयार. वर 'तुमच्यात कसं?', खाली प्रश्न: शह बसल्यावर उडी राहते का, बुर्जी म्हणजे काय धरता, राजा कोंडला तर काय, सुरुवातीला किती चाली. चौघांची उत्तरं चार तऱ्हेची आली तरी इंजिन त्या चारही तऱ्हांनी खेळतं. शेवटी एक रिकामी चौकट: इथे नसलेला नियम लिहा, आणि तो कुणाकडून शिकलात तेही.

ती चौकट माझ्या एकटीच्याने भरणार नाही. घरात कुणी थोरलं माणूस देशी खेळलेलं असेल तर या दिवाळीत त्यांच्यासमोर पट मांडा, एक डाव खेळा, आणि त्यांच्यात राजा कसा उडायचा ते विचारून लिहून ठेवा.